बिननावाची बटणं

बाबा एसटीत कंडक्टर होते आणि घरी आले तरी त्यांचं कंडक्टरपण काही उतरत नसे. सकाळी ड्युटीवर निघण्याआधी ते तिकिटं टोचायचा पंच हवेतच टकटक वाजवून बघायचे. समुद्रपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मला जाग यायची ती त्या आवाजाने. मग पाट्यावर वरवंटा फिरायचा, मिरचीचा ठसका माझ्या अंथरुणापर्यंत पोचायचा आणि बाबा विचारायचे, "डब्यात काय देऊन राह्यली?" आई म्हणायची, "आधी तिकीट काढा, मंग सांगीन." रोजचाच विनोद, आणि रोज दोघंही त्याला हसायचे. डब्यात काय आहे ते मला वासावरून आधीच कळलेलं असे. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी, नाहीतर वांग्याचं भरीत. कापूस वेचणीच्या दिवसांत आई उजाडताच मजुरीला जायची, तेव्हा बाबाच भाकरी थापायचे. त्या फार जाड व्हायच्या, पण त्याबद्दल बोलायची आम्हाला बंदी होती.

मला दिसत नाही. लहानपणी गोवर निघाला, आणि जाताना डोळे घेऊन गेला, असं आई सांगायची. दिसत होतं तेव्हाचं मला काही आठवत नाही, त्यामुळे गेल्याचं दुःखही फारसं नाही. लोकांना मात्र ते फार असतं. आयुष्यात मला सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला असेल, तर तो माझ्याबद्दल वाईट वाटणाऱ्या माणसांनी. हे मी कडवटपणे लिहीत नाही, आणि लिहीत असेन तर असू दे. पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढी मुभा असावी. बाबांनाही वाईट वाटत असेल, पण ते त्याचं काहीतरी काम करून टाकायचे. मी गाडीत असले की प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने पुकारायचे. हिंगणघाटहून सुटलं की जाम, मग समुद्रपूर, मग गिरडपर्यंतची सगळी गावं. रोजचे प्रवासी वैतागायचे. "कंडक्टरसाहेब, आमाले मालूम हाय न जाम आलं म्हनून," कुणीतरी म्हणायचंच. "तुमाले मालूम हाय, माह्या पोरीले नाई," असं म्हणून बाबा घंटीची दोरी ओढायचे.

नागपूरला अंध मुलींच्या वसतिगृहात राहून मी शाळा केली, कॉलेज केलं, इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि घरी येऊन बसले. रविवारी विहारात वंदनेला गेलं की वस्तीतल्या बाया आईला विचारायच्या, "आता काय करता पोरीचं?" तेव्हा आंधळ्या माणसाने काय करावं हे ठरलेलं होतं. खुर्च्या विणाव्यात, खडू पाडावेत, आणि फारच शिकलेला असेल तर टेलिफोनवर बसावं. खुर्च्यांशी माझं वैर नव्हतं. पण कॉलेजात वर्गमैत्रिणींना मीच नोट्स सांगायचे, त्या पास होऊन मास्तरणी झाल्या होत्या, आणि मी घरात तांदूळ निवडत होते. तेही आई नंतर गुपचूप परत निवडायची. अशात वसतिगृहातून निरोप आला की तिथे संगणकाचा वर्ग सुरू होतोय, आणि हा संगणक बोलतो.

वर्ग घेणारे दाणी सर स्वतः अंध होते. बोलणारा संगणक म्हणजे साध्याच संगणकात घातलेला एक प्रोग्रॅम होता. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो वाचून दाखवायचा, आणि माउस न धरता सगळं काम कीबोर्डवरून करता यायचं. तो इंग्रजीत बोलायचा, नाकात बोलायचा, आणि पडशाने बेजार झालेल्या साहेबासारखा एका सुरात बोलायचा. पहिल्या दिवशी मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. पंधरवड्यात मी त्याला पत्र सांगत होते आणि तो माझं पत्र मलाच वाचून दाखवत होता. ब्रेल सोडली तर आयुष्यात प्रथमच मी लिहिलेलं मी वाचलं, मध्ये कुणाचा गळा नाही, कुणाचे डोळे नाहीत. त्या दिवशी मी वसतिगृहाच्या न्हाणीघरात जाऊन रडले. दाणी सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिनेच माझं डोकं फिरवलं. ते म्हणाले, बंगलोरकडे आणि परदेशात आता अशी नोकरी असते की नवीन प्रोग्रॅम बाजारात येण्याआधी आंधळ्या माणसाला त्यापुढे बसवतात. तो कुठे कुठे अडतो ते त्याने सांगायचं, आणि मग कंपनीची माणसं ते दुरुस्त करतात. "म्हणजे अडखळायचा पगार मिळतो?" मी विचारलं. "मिळतो," सर म्हणाले. मग तर ही नोकरी माझ्यासाठीच काढलेली आहे, असं मला वाटलं.

समुद्रपुरात तेव्हा बसस्टँडसमोर एकच संगणक केंद्र होतं. ते चालवायचा नितीनभाऊ, कापडदुकानदाराचा मुलगा, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. त्याचे वडील म्हणायचे, कापड मोजायचं सोडून हा टीव्ही मोजत बसतो. मी पांढरी काठी टेकत गेले आणि म्हणाले, मला दुपारी एक मशीन वापरू द्या. तो इतका गडबडला की त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतःच तिच्यावर बसला. त्याच्या एकाही मशीनला आवाजच नव्हता. आवाजासाठी आत एक वेगळं कार्ड लागतं, आणि हिशेब शिकायला येणाऱ्या मुलांना ते कशाला हवं, म्हणून कुणी घातलंच नव्हतं. नितीनभाऊने नागपूरहून ते आणून एका मशीनमध्ये बसवलं, आणि पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या ना ताई." बोलणाऱ्या प्रोग्रॅमची माझ्याकडे फुकटची नमुना प्रत होती. ती पाऊण तासाच्या आत गप्प व्हायची, मग मशीन बंद करून परत चालू करायचं. माझं त्या काळातलं सगळं शिक्षण असं तुकड्या-तुकड्यांनी झालं. मशीन चालू होईपर्यंत नितीनभाऊ समोरून आलूबोंडा मागवायचा, आणि मी बोटं पुसून पुढे सुरू करायचे. माणूस भला होता. पुढे जे झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवा, मलाही ते ठेवावं लागतं.

तहसील कार्यालयात अपंगांसाठी राखून ठेवलेली कारकुनाची एक जागा निघाली आणि माझी निवड झाली. बाबांनी त्या दिवशी गाडीत सगळ्यांना सांगितलं, अगदी गिरडच्या दर्ग्याला नवस फेडायला निघालेल्या परक्या माणसांनाही. नेमणुकीत एक अट होती. ठरलेल्या मुदतीत संगणकाची परीक्षा पास झालं पाहिजे, नाहीतर नेमणूक रद्द. बाकीचे उमेदवार या अटीने हादरले, मी मात्र हसले. अख्ख्या तालुक्यात माझ्याइतका संगणक कोणाला येत होता? परीक्षा पुण्याच्या एका कंपनीने तयार केलेली होती, संगणकावरच द्यायची होती, आणि केंद्र नितीनभाऊचंच होतं. मी माझा हेडफोन लावून बसले. प्रश्न उघडला. कानात आवाज आला, "ग्राफिक." मग आला, "बटन. बटन. बटन. बटन."

झालं एवढंच. मराठी अक्षरं सगळ्या मशीनवर नीट दिसत नाहीत म्हणून कंपनीने प्रत्येक प्रश्नाचं चित्रच काढून टाकलं होतं. चित्र वाचता येत नाही, म्हणून माझा प्रोग्रॅम नुसतं ग्राफिक म्हणायचा. उत्तराच्या चार बटणांवरही चित्रंच, आणि कुठल्याही बटणाला आतून नाव दिलेलं नव्हतं. मी नितीनभाऊला समजावलं, "समजा तुमच्या घरातले सगळे डबे सारखे आहेत, आणि झाकणं उघडायला बंदी आहे. आता चहात साखर टाका." तो म्हणाला, "मंग मी डबा पाहून सांगतो न ताई तुमाले." मी म्हटलं, "बी.ए.ला मी लेखनिक घेतला होता. इतिहास मला येत होता, लिहिणारा हात दुसऱ्याचा होता, ते चाललं. पण संगणक चालवता येतो की नाही हेच बघायचं आहे, तर तो दुसऱ्याने चालवून कसं चालेल?" तो म्हणाला, "तुमी लय सरळ चालता, ताई." आमच्याकडे ही तारीफ नसते. मी परीक्षा न देताच उठले, मुदतीच्या आत परत बसता येत होतं.

मी कंपनीला लिहिलं. पत्रात रडगाणं नव्हतं, काम होतं. कुठल्या पानावर कुठल्या बटणाला काय नाव द्यावं, चित्राच्या मागे इंग्रजी अक्षरांत मजकूर कसा ठेवावा, माउस नसेल तर एका उत्तरावरून दुसऱ्यावर कसं जाता यावं, हे सगळं दाणी सरांना विचारून मी एकेक लिहून काढलं. त्याची मला नशा चढली होती. वाटायचं, मी आत्ताच ती नोकरी करते आहे, फक्त पगार तेवढा सुरू व्हायचाय. उत्तर आलं नाही तेव्हा नितीनभाऊच्या फोनवरून मी पुण्याला बोलले. तिथले साहेब फार गोड बोलले. आम्ही वर्ध्याला कार्यक्रमाला येतोच आहोत, तुम्ही तिथे या, सविस्तर मांडा, म्हणाले. आईने माझी चांगली साडी इस्त्रीला दिली. बाबांनी रजा टाकली. मी रात्रभर काय काय बोलायचं ते घोकत होते, आणि सकाळी बाबांच्या हाताला धरून वर्ध्याच्या त्या सभागृहात गेले.

तिथे मला मांडायला बोलावलेलं नव्हतं, मांडून ठेवायला बोलावलं होतं. स्टेजवर नेलं, खुर्चीत बसवलं, कुणीतरी माइकवरून माझं आयुष्य सांगितलं. त्यात मी ऐकलेल्या बऱ्याच गोष्टी मला नव्या होत्या. मग अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो काढणाऱ्याने "ताई, इकडे बघा" म्हटलं आणि स्वतःच चूक लक्षात येऊन "म्हणजे, हसा" म्हटलं. मला माइक मिळाला तेव्हा मी म्हटलं, "मला शाल नको. तुमच्या परीक्षेतल्या बटणांना नावं द्या. एवढंच काम आहे, ते होण्यासारखं आहे, आणि ते कसं करायचं हे मी लिहून दिलेलं आहे." सभागृहाने इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढचं माझं मलाच ऐकू आलं नाही. जेवताना पुण्याचे साहेब शेजारी येऊन बसले. "तुमच्यासारख्यांची आम्हाला फार गरज आहे," ते म्हणाले. "नवी आवृत्ती येतेय, तीत सगळं होईल. मग पुण्यालाच या तुम्ही, आमच्याकडे, तपासणीच्या कामाला." माझा घास तोंडात तसाच राहिला. परतीच्या गाडीत बाबा माझ्या शेजारी बसले होते. सगळी जिंदगी त्यांनी गाडीत उभं राहून काढली, त्यामुळे बसलेले बाबा मला ओळखू येत नव्हते. "पुन्याले रातरानी जाते," ते म्हणाले. "नागपूरहून पकडाव लागते. मी येईन सोडून द्याले."

मग सत्कारांची साथच आली. एका ठिकाणी झाला की दुसरीकडच्यांना आपण मागे पडलो असं वाटायचं. अपंग दिनाला, महिला दिनाला, शाळेच्या संमेलनात, कुणाच्या तरी वाढदिवसालाही. मी नाही म्हणत नव्हते, कारण एरवी ज्या साहेबांच्या दारात शिपाई उभं करायचा नाही ते साहेब तिथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर सापडायचे. शाल अंगावर पडत असतानाच मी हळूच म्हणायचे, साहेब, ती परीक्षा. साहेब म्हणायचे, नक्की, नक्की. घरात शालींची चळत झाली. आई लग्नांत त्याच आहेर म्हणून द्यायला लागली, आणि एकदा आमचीच शाल फिरत फिरत आमच्याकडे परत आली. नारळांचं काय करावं हे तर तिला कळेचना. आमच्या रश्श्यात खोबरं असतं ते सुकं, ओल्या नारळाची सवय कोणाला? "त्यायले म्हनाव, गहू देत जा," ती म्हणायची. एक नारळ फोडताना बाबांचा अंगठा ठेचला. नितीनभाऊ विचारायचा, "ताई, आली का नवी आवृत्ती?" मी म्हणायचे, "येतेय." मुदत संपत आली होती.

नवी आवृत्ती आली ती मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात. परीक्षेच्या दिवशी मी हेडफोन लावला. सुरुवातीलाच एक "ग्राफिक" आलं. असेल कंपनीचं चिन्ह, म्हणून मी पुढे गेले. पुढे प्रश्न. "ग्राफिक." आणि मग काहीच नाही. आधी निदान बटन, बटन म्हणायचा, आता तेही नव्हतं. दिसायला आवृत्ती फार सुंदर झाली होती म्हणे, रंग बदलायचे, चित्रं हलायची. बटणं राहिलीच नव्हती, चित्रावरच माउस टेकवायचा होता. मी प्रत्येक कळ दाबून पाहिली. मशीन बंद करून परत चालू केलं. शेजारी पोरं खटाखट माउस दाबत होती आणि मी त्यांच्यामध्ये दगडासारखी बसले होते. राग आला होता का? नाही. रागाला कुणीतरी समोर लागतं. मला फक्त कळलं की माझं पत्र पुण्यात कुणी वाचलेलंच नाही. मी हेडफोन काढून ठेवला, नितीनभाऊला म्हटलं, "नाई होत," आणि काठी घेऊन घरी आले. घरी सांगितलं की जागा गेली. आईने विचारलं, "भाकर खाशीन न?" मी खाल्ली.

निकाल बाबांना गाडीत कळला. कुणी पेपरात वाचला की केंद्रावर पाहिला, कोण जाणे. ते ड्युटी संपवून पेढ्यांचा पुडा घेऊनच आले, आणि दारातूनच म्हणाले, "पोरगी पैली आली." मी केंद्रात पहिली आले होते. आई रडत होती, शेजारच्या बाया आल्या, कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो गोड पेढा तोंडात घेऊन मी उभी होते आणि मला काय झालंय ते सगळं समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. "मी उठून गेली तेव्हा तुमाले समजलं नाई का?" मी विचारलं. नितीनभाऊ म्हणाला, "समजलं. म्हनूनच तं." मी उठून गेल्यावर तो माझ्या खुर्चीवर बसला होता आणि उरलेल्या वेळात त्याने सगळी उत्तरं दाबली होती. "तुमची नोकरी गेली असती न, ताई. तुमच्या बाबांले तोंड कसं दाखवलं असतं मी? आन् तुमाले येतेच न सगळं. मी काई खोटं नाई केलं, तुमाले जे येते तेच दाबलं." मी त्याला खूप बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आलूबोंडा मागवू का?" मी परत त्या केंद्राची पायरी चढले नाही. त्याला वाटलं, मी जरा रागावले आहे, उतरेल राग. आपण नेमकं काय मोडलं हे त्याला कधीच कळलं नाही, आणि त्याला कळलं नाही म्हणून मला धड त्याच्यावर चिडताही आलं नाही.

मी तहसीलदार साहेबांकडे गेले. स्पष्ट म्हटलं, "साहेब, ही परीक्षा मी दिलेली नाही. मला देताच येत नव्हती, ती तशीच बनवलेली आहे." साहेब पंख्याखाली काहीतरी सही करत होते. "वंदनाबाई," ते म्हणाले, "ऑफिसातल्या अर्ध्या लोकांची परीक्षा अशीच झाली आहे. त्यांना डोळे असून. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? रुजू व्हा." मी म्हटलं, माझी तक्रार पुढे पाठवा. ते म्हणाले, पाठवतो, पण मग केंद्र बंद होईल, त्या मुलावर कारवाई होईल, तुमची जागा जाईल, आणि परीक्षा आहे तशीच राहील; बोला, पाठवू? त्यांचा हिशेब चुकला असता तर बरं झालं असतं. मी रुजू झाले.

तरीही हिंगणघाटला आवाज असलेलं एक मशीन शोधून मी तिथून पुण्याला परत लिहिलं. नितीनभाऊचं नाव घेतलं नाही, नवी आवृत्ती अंध माणसाला वापरता येत नाही एवढंच पुन्हा मुद्देसूद लिहिलं, आणि तपासणीच्या कामाबद्दल ते जे बोलले होते त्याची आठवण दिली. या वेळी उत्तर लगेच आलं. इंग्रजीत होतं आणि फार अदबीचं होतं. आपण स्वतः ही परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्याचे पाहून आम्हाला अभिमान वाटला, तेव्हा अंध उमेदवारांना परीक्षा देण्यात काही अडचण असल्याचे दिसून येत नाही, तपासणीसाठी वेगळ्या व्यक्तीची सध्या आवश्यकता नाही. ते नाकातलं साहेबी इंग्रजी मी परत परत ऐकलं, नमुना प्रतीची वेळ संपून प्रोग्रॅम आपोआप गप्प होईपर्यंत. दाणी सरांना फोन केला. ते म्हणाले, "वंदना, तू पास व्हायला नको होतंस." मी म्हटलं, "मी झालेच नाही, सर." दोघंही हसलो, पण हसू काही खरं नव्हतं.

तहसीलमध्ये मला टेबल मिळालं, संगणक मिळाला नाही. तुम्हाला त्याचा काय उपयोग, असं प्रेमानेच सांगितलं. काही वर्षांनी मिळाला तोही मुका, आवाज नसलेला. मी टपालावर नंबर मारायचे, फोन घ्यायचे. शेवटी टेलिफोनवरच बसले म्हणायचं. अडखळायचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला मिळत होता, हे खरं. आता माझा फोन मराठी बोलतो, बातम्या वाचतो, नात्यातल्या एका भाचीचे निरोप वाचतो. परवा बँकेचं काम करायला घेतलं तर तो म्हणाला, "बटन. बटन. बटन." मी फोन उशीखाली ठेवून दिला.

रुजू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा एका रविवारी गिरडहून एक माणूस आपल्या मुलीला घेऊन घरी आला. दर्ग्याच्या टेकडीखाली त्याचं फुलांचं आणि चादरींचं दुकान होतं, त्यामुळे दोघांच्या कपड्यांना गुलाबाचा आणि उदाचा वास होता. मुलीचं नाव शबाना. तिलाही दिसत नव्हतं. तीही नागपूरच्या त्याच वसतिगृहात शिकली होती, तिचीही राखीव जागेवर निवड झाली होती, आणि तिच्यापुढेही तीच परीक्षा होती. "ताई, मी बसली न परीक्षेले, दोनदा बसली," ती म्हणाली. "ग्राफिक म्हनते आन् मंग काही बोलतच नाई ते. नापास झाली मी." तिचा बाप म्हणाला, "मॅडम, हिंगणघाटच्या सेंटरवाल्यानं आमाले सांगतलं, समुद्रपूरच्या वंदनाताई पैल्या आल्या, तं तुमची पोरगी काऊन नाई होत पास? तुमचा फोटो हाय न त्याच्यात. परीक्षा खोलली की पैले तुमीच दिसता. शाल हाय अंगावर, हातात नारळ हाय."

सुरुवातीला यायचं ते पहिलं "ग्राफिक", जे मी कंपनीचं चिन्ह समजून ओलांडून गेले होते, ती मी होते. माझ्या फोटोलाही त्यांनी नाव दिलेलं नव्हतं, आणि तो पाहणाऱ्या नितीनभाऊला नि पोरांना वाटलं असेल, मला माहीतच आहे. आत आईने चहा ठेवला होता. शबाना वाट पाहत होती, तिच्या बोटांचा आवाज येत होता, ती टेबलाच्या कडेवर कळा दाबल्यासारखी बोटं चालवत होती. मीही तिच्या वयात तशीच चालवायचे. "तुमी कशा पास झाल्या तेवढं शिकवा मले," ती म्हणाली. "मी जलदी शिकते."

मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, "बेटा, मी पास नाई झाली. दुसऱ्यानं दाबली उत्तरं. ती परीक्षा कोन्या आंधळ्या मानसाले देताच येत नाई. तुह्यात काई कमी नाई, तिच्यातच खोट हाय." तिची बोटं थांबली. मला वाटलं, तिला हायसं वाटलं असेल. मग ती अगदी नरमाईने म्हणाली, "तुमाले नसन सांगाचं तं नका सांगू, ताई. मी कोनाले सांगनार नोती." मी शपथ घेतली, पुण्याच्या पत्राचं सांगितलं, आईलाही विचार म्हटलं. जितकं बोलत गेले तितकी ती अवघडत गेली. चहा तिने अर्धाच घेतला. गिरडची गाडी यायची वेळ झाली होती, बाबा त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला चपला घालत होते. मी दारात उभी होते, आणि मला ऐकू जाणार नाही असं समजून ती अंगणात बापाला हळू आवाजात म्हणाली, "चला, अब्बा. माह्याच मेहनतीत कमी हाय."